बाबांच्या जागी मी सही केली तर चालेल का?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका छत्तीस वर्षांच्या ताईंचं हे पत्र. वडील चौसष्ट वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. दोन प्रकारच्या केमो देऊन झाल्या, आता गाठी पुन्हा वाढू लागल्या आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी गाठीची जनुकीय तपासणी करून घेतली. तिच्यात ‘केआरएएस जी१२सी’ नावाचा बदल सापडला. नेमक्या त्या बदलावर काम करणाऱ्या एका नव्या गोळीची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू आहे, बाबा तिच्यात बसू शकतील, विचार करून कळवा, असं डॉक्टर म्हणाले. बंगळूरचा भाऊ म्हणतो, अशी संधी सोडायची नाही. काका म्हणतात, माणसाचा उंदीर करतील. आईचं एकच म्हणणं, त्यांना काही कळता कामा नये. बाबांना आजवर ‘आतड्याला अल्सर आहे, त्याची गाठ झाली’ एवढंच सांगितलंय. ताई विचारतात: नवं औषध आहे म्हणजे जुन्यापेक्षा चांगलंच असणार ना? बाबांना त्यात घालावं का? आणि संमतीच्या कागदावर त्यांच्या जागी मी सही केली तर चालेल का?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाही चालणार. तुमचे बाबा शुद्धीत आहेत, रोजचा पेपर वाचतात, पेन्शनचा हिशेब स्वतः ठेवतात, असं तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाच्या वतीने मुलगी, बायको, भाऊ, कुणालाच चाचणीला संमती देता येत नाही. क्लिनिकल ट्रायलसाठी २०१९ पासून आपल्याकडे जे नियम लागू आहेत, त्यांत रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तरच नातेवाइकाची सही चालते. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत, म्हणजे तुमच्या बाबांना मराठीत, द्यावं लागतं. वाचायला आणि प्रश्न विचारायला वेळ द्यावा लागतो. सही झाली की एक प्रत त्यांच्या हातात पडते. त्या कागदावर आजाराचं नाव असणारच, तिथे अल्सरची गोष्ट टिकायची नाही. आणि एखाद्या ठिकाणी कुणी ‘त्यांना कशाला त्रास, तुम्हीच करा सही’ म्हणालं, तर मी असते तर तिथून फाइल घेऊन उठले असते.

म्हणजे घरात वाद चाललाय चाचणी हवी की नको यावर, आणि अडलंय भलतीकडेच. तिकडे येते. पण बाबांशी बोलायचं तर ही चाचणी म्हणजे काय ते आधी तुम्हाला स्वच्छ माहीत हवं.

पहिल्या टप्प्यात औषध लागू पडतं का हा मुख्य प्रश्न नसतो. किती डोस माणसाला सोसतो, कोणते त्रास होतात, औषध रक्तात किती तास राहतं, हे शोधायचं असतं. अनोळखी नदीत काठीने पाणी चाचपत पुढे सरकावं, तसा डोस वाढवत नेतात. जुनी आणि अजूनही बरीच वापरात असलेली पद्धत अशी: तीन रुग्णांना एक डोस द्यायचा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कुणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तिघे घ्यायचे. सहांपैकी दोघांना झाला की वर जायचं थांबवायचं.

यातून एक फार कामाचा प्रश्न निघतो, आणि तो नातेवाईक क्वचितच विचारतात: बाबा कोणत्या पायरीवर आत जाणार? अगदी सुरुवातीच्या तिघांत असतील तर डोस इतका कमी असू शकतो की त्याचा गाठीवर परिणामच होणार नाही. वरच्या पायऱ्यांवर त्रासाची शक्यता जास्त. आणि चाचणीचा डोस ठरून गेला असेल, आता त्याच जनुकीय बदलाचे आणखी रुग्ण घेणं चालू असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे औषधाबद्दल बरंच कळलेलं असतं. तिन्हीला ‘फेज वन’च म्हणतात. आणखी एक विचारा, हे औषध आजवर किती माणसांना दिलंय? औषध परदेशात शोधलेलं असेल तर तिथल्या पहिल्या टप्प्याची माहिती सादर केल्याशिवाय भारतात अशा चाचणीला परवानगी मिळत नाही. तेव्हा या प्रश्नाला काहीतरी उत्तर असतंच.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या एका कार्यक्रमाखाली २००० ते २०१९ या काळात झालेल्या पहिल्या टप्प्याच्या ४६५ चाचण्यांचा हिशेब २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. एकूण १३,८४७ रुग्ण. त्यांतल्या १२.२ टक्के रुग्णांच्या गाठींनी औषधाला दाद दिली. सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण ९.६ टक्के होतं, २०१३ नंतर १८ टक्क्यांवर गेलं. औषधामुळेच मृत्यू येण्याचं प्रमाण ०.७ टक्के. तेव्हा काकांना वाटते तितकी ही वाट जीवघेणी नाही, आणि भावाला वाटते तितकी हमखासही नाही. शिवाय ‘दाद दिली’ याचा अर्थही बघून ठेवा. घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये सीटी स्कॅनवर मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली की ती दाद धरतात. आजार गेला असा त्याचा अर्थ नाही. बहुतेकांत काही महिन्यांनी गाठी पुन्हा डोकं वर काढतात.

पण हे सगळ्या औषधांचं मिळून झालं. तुमच्या बाबांना सापडलेल्या बदलाची हकिगत वेगळी सांगण्यासारखी आहे, आणि ती माहीत असेल तर भाऊ पाठवतो त्या बातम्या नीट वाचता येतील. केआरएएस या जनुकाचा कॅन्सरशी असलेला संबंध १९८२ सालापासून माहीत होता, पण औषधाला त्याच्यावर पकडच मिळत नव्हती. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या केव्हन शोकॅट यांच्या प्रयोगशाळेने जी१२सी प्रकारात औषध अडकू शकेल अशी एक खोबण दाखवून दिली. त्या वाटेने आलेल्या सोटोरासिब या गोळीची माणसांवरची पहिली चाचणी २०१८ मध्ये सुरू झाली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिचे निकाल छापून आले. रुग्ण १२९, सगळ्यांत हाच जनुकीय बदल. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ५९ जण होते, त्यांतल्या ३२.२ टक्के जणांच्या गाठी आकसल्या. मोठ्या आतड्याचे ४२ होते. त्यांत किती? ७.१ टक्के. म्हणजे तिघे. बऱ्याच जणांच्या गाठी तेवढ्यापुरत्या थांबल्या, पण आतड्याच्या रुग्णांत हे थांबणं साधारण चार महिने टिकलं.

गोळी तीच, जनुकातला बदल तोच, तरी आतड्यात आणि फुप्फुसात एवढा फरक. कारणही सापडलं आहे. आतड्याच्या पेशींत केआरएएसची वाट अडवली की ईजीएफआर नावाचा, पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारा रिसेप्टर जोर धरतो आणि वाढीचा निरोप पुन्हा चालू होतो. म्हणून पुढे दोन्हीकडून अडवण्याचे प्रयोग झाले. सोटोरासिबबरोबर पॅनिट्युमुमॅब हे इंजेक्शन दिल्यावर आतड्याच्या रुग्णांत दाद २६.४ टक्क्यांवर गेली. अमेरिकेत या आजारासाठी अशा दोन जोड्यांना मंजुरी आहे: ॲडाग्रासिब आणि सेटुक्सिमॅब यांना जून २०२४ मध्ये, सोटोरासिब आणि पॅनिट्युमुमॅब यांना जानेवारी २०२५ मध्ये.

‘नवं म्हणजे जुन्यापेक्षा चांगलंच ना?’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यात आलं. नवं म्हणजे अजून न मोजलेलं. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारायचे दोन नेमके प्रश्नही यातून मिळाले. एक, चाचणीत ही गोळी एकटीच देणार की ईजीएफआर अडवणाऱ्या इंजेक्शनबरोबर? दोन, चाचणीबाहेर बाबांसाठी काय उरलंय? मंजुरी मिळालेली जोडी इथे मिळते का, कितीला पडते. रेगोराफेनिब, किंवा ट्रायफ्लुरिडीन-टिपिरासिल या, केमो लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या गोळ्या द्यायच्या राहिल्यात का? त्या गोळ्यांनी आयुष्य वाढतं ते महिना-दोन महिने, हेही खरं. पण ‘आता हीच एक वाट’ असं तुमच्या पत्रात तीनदा आलंय, आणि डॉक्टर तसं म्हणाल्याचं मात्र त्यात कुठेच नाही.

काकांबद्दल. त्यांना अडाणी ठरवू नका. आपल्या देशात चाचण्यांच्या नावाखाली गरिबांना अंधारात ठेवल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. २०१२ साली इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच याच गाऱ्हाण्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यानंतर नियम आवळले गेले. आज चाचणीतलं औषध मोफत असतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही द्यावी लागते. चाचणीत रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीत निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे लागतात आणि तिचा संपर्क क्रमांक माहितीपत्रकात असतो. रुग्णाला कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. तिथे ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि काकांना घेऊन बसा, त्यांनाच शोधू दे. ‘उंदीर करतील’ म्हणणाऱ्या माणसाला समजावण्यापेक्षा तपासणीचं काम दिलेलं बरं.

भावाच्या ‘संधी’ची किंमतही कुणीतरी मांडायला हवी, कारण ती रुपयांत नाही, बाबांच्या दिवसांत आहे. आधी स्क्रीनिंग: रक्त, लघवी, ईसीजी, सीटी स्कॅन, कधीकधी गाठीचा नवा तुकडाही काढतात. आधीच्या केमोनंतर ठरावीक आठवडे मोकळे जावे लागतात, आणि त्या काळात गाठीवर काहीच उपचार चालू नसतात. पहिल्या दिवशी हातात सुई बसवून ठेवतात. गोळी घेण्याआधी रक्त, मग तासाने, दोन तासांनी, चार तासांनी, आठ तासांनी पुन्हा रक्त. पहिला महिना जवळपास दर आठवड्याला फेरी. सांगलीहून रात्री महालक्ष्मीत बसायचं, सकाळी मुंबई, दिवसभर खुर्चीत, रात्री परत. ज्याच्या यकृतात गाठी आहेत आणि ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने आलेल्या तळपायांच्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत, त्याला हे कसं झेपेल? सोबत दर वेळी कोण? भाऊ की तुम्हीच? जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च चाचणीवाले देतात का, हे माहितीपत्रकात बघा आणि नसेल तर विचारा, लाजू नका. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यावा लागतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहिलंय: गावाकडच्या घराचे पत्रे पावसाळ्याआधी बदलायचे, असं बाबा सारखं म्हणतात. मला ते वाक्य चाचणीइतकंच महत्त्वाचं वाटलं. चाचणीचा पहिला महिना आणि पत्र्यांचा महिना एकच आहे. दोन्हीतलं काय आधी, हे त्यांना आजार माहीत नसताना कोण ठरवणार?

तर आता बाबांना सांगण्याबद्दल.

त्यांना खरंच काही माहीत नाही, असं तुम्हाला वाटतं का? केमोच्या वेळी दर पंधरवड्याला ते कमरेला पंप लावून दोन दिवस घरी वावरले. डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी तासन्‌तास गप्पा झाल्या असतील, आणि तिथे बसलेला माणूस दुसऱ्याला पहिला प्रश्न काय विचारतो ते तुम्हालाही माहीत आहे. आयुष्यभर रोज संध्याकाळी तिकिटं आणि रोकड वेबिलाशी जुळवून मगच घरी आलेला माणूस आहे हा. अल्सरला एवढी औषधं लागत नाहीत, हा हिशेब त्याने लावला नसेल? अनेक घरांत मी पाहिलंय, रुग्णाला माहीत असतं, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तो गप्प असतो. घरचे त्याच्यासाठी गप्प. तो एकटाच पडतो.

अर्थात हा माझा अंदाज झाला. म्हणून सांगण्याआधी विचारा. शांत वेळ बघून, टीव्ही बंद करून, एवढंच: “बाबा, तुम्हाला काय वाटतं, हा आजार कसला आहे?” आणि मग बोलू नका. मध्ये शांतता पडली तरी ती भरून काढू नका. ते ‘कॅन्सर आहे ना’ म्हणाले तर अर्धं काम झालं. ‘डॉक्टर काय ते बघतील’ म्हणाले तर दुसरा प्रश्न: “रिपोर्टमधलं सगळं तुम्हाला ऐकायचंय, की डॉक्टरांनी आमच्याशीच बोलावं?” काही माणसांना खरोखरच ऐकायचं नसतं, आणि तो त्यांचा हक्क आहे. बाबांनी ‘तुम्हीच बघा’ म्हटलं तर तो मान राखा. मात्र मग चाचणीचा विषय तिथेच संपला हे भावाला सांगून टाका, कारण न कळता या चाचणीत जाता येत नाही.

ऐकायचं असेल तर सगळं एका बैठकीत ओतू नका. आजाराचं नाव आधी. तो पसरलाय, पूर्ण बरा होण्यातला नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे. त्यांना आधी फोन करून सांगा की बाबांना अजून सांगितलेलं नाही, थोडा जास्त वेळ ठेवा. चाचणीची गोष्ट त्याच दिवशी काढू नये असं मला वाटतं. धक्क्यात असलेला माणूस समोर येईल त्याला हो म्हणतो.

आईंना वाटतं, ऐकून ते हाय खातील. ही भीती खोटी नाही. बाबा काही दिवस गप्प होतील, जेवण कमी होईल, रात्री जागतील. आईंना तुम्ही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या न जेवलेल्या ताटाचं खापर तुमच्यावर फुटेल. बहुतेक माणसं यातून सावरतात आणि मग कामाचं बोलायला लागतात: कुठल्या खात्याला वारस लावलेला नाही, शेताचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, पत्र्यांचं काम कुणाला द्यायचं. हे सगळं त्यांनी आपल्या हाताने करायचं आहे.

मग चाचणीबद्दल त्यांनाच विचारा, आणि विचारताना ‘बरे व्हाल’ हे आमिष लावू नका. असं म्हणता येईल: गाठ थोडी कमी होण्याची काही शक्यता आहे, जास्त नाही, तुमच्यावरून जे कळेल त्याचा पुढच्या रुग्णांना नक्की उपयोग आहे, त्यासाठी खूप फेऱ्या आणि खूप सुया आहेत. काही माणसं यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी आनंदाने हो म्हणतात. काहींना एवढंच हवं असतं की आपण हातावर हात ठेवून बसलो नाही. तीही कारणं चांगलीच आहेत. आणि ‘नको, मला गावाला जायचंय’ हे उत्तरही तेवढंच चांगलं. त्यावर ‘बाबांनी हार मानली’ असं घरात कुणी म्हणू नये, भावाने तर मुळीच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी माझं मत सांगते. आत्ताच्या माहितीवर, ही गोळी एकटीच असेल आणि बाबा खालच्या डोसच्या पायरीवर जाणार असतील, तर एवढ्या फेऱ्यांसाठी मी त्यांना आग्रह करणार नाही. जोडीचं औषध असेल, डोस ठरलेला असेल आणि बाबा अजून स्वतःच्या पायांनी जिना चढत असतील, तर गंभीरपणे विचार करण्यासारखं आहे.

पॅलिएटिव्ह केअरचं मात्र काही झालं तरी आत्ताच सुरू करा. आपल्याकडे त्याला शेवटच्या आठवड्याचा उपचार समजतात. दुखणं, मळमळ, झोप, भूक, मनाची घालमेल, हे सगळं त्यात येतं, आणि ते चाचणीबरोबर किंवा केमोबरोबर चालू शकतं. २०१० साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना ते सुरुवातीपासून मिळालं, त्यांचे दिवस तर सुखाचे गेलेच, पण ते जगलेही जास्त: ८.९ ऐवजी ११.६ महिने. आजार वेगळा आहे, तेवढीच अपेक्षा धरू नका; पण वाट बघण्यात फायदा काहीच नाही.

पुढच्या मुंबईच्या भेटीला भावाला प्रत्यक्ष यायला सांगा, व्हिडिओ कॉलवर नको. वर आलेले प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथल्या तिथे टिपून घ्या. बाबांनी हो म्हटलं तरी प्रवेश नक्की नसतो. यकृताचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं बिलिरुबिन वाढलेलं निघालं, अशक्तपणा जास्त वाटला, तर स्क्रीनिंगमध्येच नाव कटतं, आणि असं पुष्कळांचं होतं. त्यात तुम्ही उशीर केलात असं काही नसतं. तसं झालं तर त्याच दिवशी पॅलिएटिव्ह ओपीडीची वेळ घेऊन, आणि मिरज-सांगलीत ही सेवा कोण देतं ते त्यांच्याकडूनच लिहून घेऊन मग गाडीत बसा.